कार्तिकीच्या नावाचा चिमटा

दि. २४ फेब्रुवारी २०२५

चि. निकिता हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडे पालमला तुझी आई, दादा, वहिनी बरे असतील. कार्तिकीचा खोकला बसला का? अडुळशाचा काढा दे. तोंड वाकडं करील, करू दे.

घराघरात फोन असताना ही सासू पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. अगं, फोनवर तू "हॅलो" म्हणतेस, मी "जेवलीस का" म्हणते, तू "हो" म्हणतेस, आणि तिथं दोघींची गाडी रुतते. मग कार्तिकी फोन ओढून घेते आणि गाय दाखव म्हणते. मी गोठ्यात जाऊन गाय दाखवते. झालं बोलणं. माझा महारुद्र गेल्यापासून आपण दोघी धड बोललोच नाही. तोंडानं जमेना, म्हणून म्हटलं, हातानं जमतंय का बघावं.

सध्या ज्वारीची काढणी चालू आहे, तेव्हा अंगणवाडीत चिपाडांचे दिवस. माझं वर्षाचं वेळापत्रक तुला पाठच आहे. माघात चिपाडाच्या गाड्या, होळीला पळसाचा रंग, श्रावणात मातीचे नाग आणि राख्या. श्रावणाच्या शेवटी जे असतं ते यंदा वेळ आली की बघू. पर्यवेक्षिका मॅडमनी मागच्या महिन्यात मोबाईलवर एक उपक्रम पाठवला होता, कापूस चिकटवून बर्फाचा माणूस करा म्हणून. मी म्हटलं, मॅडम, आमच्या पोरांनी बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर बघितलाय, त्याचा माणूस होतो हे त्यांना पटायचं नाही. त्या हसल्या. माणूस चांगलं आहे ते.

आज पोरांनी चिपाडाच्या गाड्या केल्या आणि चिपाडाच्या आतल्या मऊ भेंडाचे चष्मे केले. आपली मदतनीस दगडाबाई, तिला तर चष्मा इतका आवडला की तो लावूनच तिनं खिचडी ढवळली. पोरं हसून हसून लोळली. मीही हसले. हसल्यावर सवयीनं दाराजवळच्या कोपऱ्याकडं बघितलं. कार्तिकी तिथं बसायची.

तिला आठवतं का बघ, अंगणवाडीच्या उंबऱ्याच्या आत आजी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. बाकीच्या लेकरांना वाटायला नको, हिची आजी आणि आपली नुसती बाई. एवढीशी पोर, पण उंबरा ओलांडून आत आली की "बाई, मला पाणी पाहिजे", आणि उंबरा ओलांडून बाहेर पडली की "आजी, कडेवर घे". एकदाही चुकली नाही. मोठी माणसं चुकतात.

पोरांच्या वस्तू मी अजून तशाच दोरीवर लावते, प्रत्येकाच्या नावाच्या चिमट्याला. कार्तिकीचा निळा चिमटा आहे तिथंच आहे. रिकामा बरा दिसत नाही. म्हणून एसटीनं तिकडं येणाऱ्या शेजारच्या बजरंगबरोबर चिपाडं, भेंड आणि बाभळीचे काटे पाठवते. काटे तू टोच, तिच्या हातात देऊ नको. गाडी तिला करू दे, वाकडी होईना का, आणि इकडं पाठवून दे. मी लावीन.

उन्हाळ्यात तिला घेऊन येशील ना? अंगणवाडीतलं तिचं नाव मी काढलेलं नाही.

गाय गाभण आहे. तुझे सासरे आत्तापासून बोटं मोजायला लागलेत.

तुझी,
आत्याबाई

•

दि. ११ मार्च २०२५

चि. निकिता हिस आशीर्वाद.

गाडी पोचली. एक चाक भाकरीएवढं आणि एक पुरीएवढं. लावली मी. चिमटा वजनानं झुकलाय, पण धरून आहे. गाडीवर भेंडाचा एक माणूस बसवलाय तिनं, तो कोण ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

सोबत पळसाची फुलं आहेत. जिंतूरच्या वाटेला यंदा पळस असा फुललाय की बघवत नाही. फुलं गरम पाण्यात भिजत घाल, सकाळी पिळून काढ, चुन्याची एक कणी टाकलीस की रंग चढतो. वर्षाच्या आत रंग नको, असं तिकडं कुणी म्हणेल. तू खेळू नको हवं तर. पोरीला खेळू दे. तिनं काय केलंय कुणाचं?

कपड्यावरचा डाग निघाला नाही तर फ्रॉक टाकून दे, मी नवा शिवते.

तुझी,
आत्याबाई

•

दि. ६ ऑगस्ट २०२५

चि. निकिता हिस,

अनेक आशीर्वाद. पाऊस बरा आहे, सोयाबीन फुलाला आलंय. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा दुखतो, पण ऐकतील तर ते व्यंकटराव कसले. उन्हाळा गेला, तू आली नाहीस. मी रागावले होते. आता नाही. थोडी आहे.

नागपंचमीला पोरांनी मातीचे नाग केले. यंदा माती मी बांधावरची आणली. दगडाबाई म्हणाली, "बाई, ही फुटायलीय की. तळ्याची माती लय चिवट असती, तिकडून आणू का दोन घमेले?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. नाग सुकले आणि सगळ्यांच्या माना तडकल्या. पोरं म्हणाली, नाग कात टाकायलाय. लेकरांचं बरं असतं, प्रत्येक मोडक्या गोष्टीला त्यांच्याकडं काहीतरी कारण असतं.

तळ्याचं नाव मी वर्षभर घेतलं नाही. आज एकदा घेते, म्हणजे पुन्हा घ्यावं लागणार नाही. पोळ्याच्या सकाळी महारुद्र बैलजोडी धुवायला तळ्यावर गेला. उन्हाळ्यात गाळ काढलेला, त्याचे खड्डे पाण्याखाली दिसत नव्हते. बैल खड्ड्यात गेला आणि त्याची वेसण सोडवायला हा मागं गेला. बैल पोहून वर आला. तू इथं पुरण वाटत होतीस आणि मी अंगणवाडीतून पोरांचे मातीचे बैल ताटात घेऊन घरी आले होते, रंगवायला. ते ताट कुणी उचललं, कुठं ठेवलं, मला आजही माहीत नाही.

सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण त्या घराला बंद होतो, हे तुला त्याच दिवसांत बायकांनी सांगितलं. पुढं कधी नेमक्या त्याच सणाला घरात लेकरू जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्यायली, तरच तो उघडतो. तोवर पोळ्याला आपल्या घरात पुरण नाही, बैलाला झूल नाही, मातीच्या बैलाला हात लावायचा नाही. लेकरू कुठून येणार आता? म्हणून तुझे सासरे गाईकडं बघून बोटं मोजतात.

हे सगळं मी का लिहीत बसले ते तुला कळलं असेल. सांगायचं वेगळंच आहे आणि मी बांधाबांधानं चालले आहे.

तुझे दादा आबासाहेब परवा येऊन गेले. देवगाव फाट्याला परमेश्वर म्हणून मुलगा आहे, विहिरीच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान आहे, बायको आजारानं गेली, मूलबाळ नाही, घरी आई आहे. सगळं नीट सांगितलं त्यांनी. मान खाली घालून सांगितलं, त्यांनाही जड जात होतं. मी म्हटलं, आबासाहेब, सव्वीस वर्षांची पोरगी आहे, आम्ही काय तिला भिंतीला टांगून ठेवणार आहोत का? तुमी चांगलंच करायलाव. हे मी मनापासून म्हटलं, निकिता. यात खोट नाही.

मग ते म्हणाले, "कार्तिकीचं तेवढं तुमी म्हणाल तसं. पाव्हणे न्यायला तयार हायेत. पण तुमच्या महारुद्रची तेवढीच निशाणी हाय. तुमाला ठिवून घ्यायची आसंल तर आमी न्हाई म्हणणार न्हाई."

तुझे सासरे उठले आणि गोठ्यात गेले. मी समोर बसले होते. ठेवून घेते, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर होतं. चहा निवला, कपावर साय धरली, आणि मी म्हटलं, पोळ्यानंतर सांगते.

लिहूनच टाकते. मला ती हवी आहे. सकाळी तिची वेणी घालायला हवी आहे, तिची कटकट हवी आहे. अंगणवाडीतली सगळी लेकरं दुपारी आपापल्या घरी जातात, मी कुलूप लावते आणि रिकाम्या हातानं घरी येते. एक लेकरू माझ्याबरोबर घरी यावं, असं मला रोज वाटतं.

तुला काय हवंय ते आबासाहेबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. तू कळव.

राख्यांसाठी रंगीत लोकर आणि सरकी काढलेला कापूस पाठवते. राखी कुणाला बांधायची ते ती ठरवील.

तुझी,
आत्याबाई

•

दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. कां. निकिता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. मायना वाचून थांबली असशील. चुकून लिहिलेला नाही. तुझ्या लग्नानंतर मी तुला चि. सौ. लिहीत होते, मागच्या वर्षापासून नुसतं चि. लिहिताना दर वेळी पेन अडायचं. आज नवरीचा मायना लिहिला. लिहून बघितला, बरा दिसतो.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, ओळ ती. "तुम्ही म्हणाल तसं. तिला ठेवून घ्यायची असेल तर ठेवा, फक्त पोळ्याला तिला मातीचा बैल करू द्या." एवढंच. मी तो कागद तीनदा उलटा करून बघितला, मागं काही आहे का म्हणून.

आता इकडचं सांगते, क्रमानं.

पोळ्याच्या आधी अंगणवाडीत सरजाबाई आली. तिचा नातू आहे माझ्याकडं. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "बाई, राग मानू नका. औंदा पोरायचे बैल दगडाबाईच्या हातानं करा. तुमच्या घरचा पोळा बंद हाय, आन् तुमचा हात लागलेला बैल आमी देवापुढं ठिवायचा म्हणजे..." मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, फक्त इतकं गोड बोलले नसते.

मग मी हात पदराखाली घेऊन भिंतीला टेकून बसले आणि दगडाबाई बैल करायला लागली. अगं, काय ते बैल! एकाचं तोंड असं ओढलं की पोरं ओरडली, "हत्ती! हत्ती!" दुसऱ्याचं वशिंड मानेवर बसण्याऐवजी पाठीच्या मधोमध. दगडाबाई म्हणाली, "उंट हाय त्यो. उंटाचा पोळा नसतो का?" सगळी हसली. मी खाली बघत होते. माझी बोटं पदराखाली आपोआप वळत होती, शिंगं काढत होती.

माती परत बांधावरचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर निम्म्या बैलांचे पाय गळून पडलेले. एक चिमुरडी तीन पायांचा बैल घेऊन माझ्यापुढं आली. "बाई, लावा ना पाय." मी म्हटलं, दगडाबाईला सांग. तिनं दगडाबाईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बैल माझ्या मांडीवर ठेवला आणि खिचडी खायला निघून गेली.

मी काही तो जोडला नाही. तो बैल मांडीवर घेऊन बसले आणि मला कार्तिकी दिसली. सगळी लेकरं माती मळतायत आणि ती माझ्यासारखी हात लपवून भिंतीला टेकलीय. दर पोळ्याला. बापाच्या नावानं. तुझी ती ओळ मला तेव्हा खरी कळली.

शुक्रवारी पोळा झाला. आपली जोडी तुझ्या सासऱ्यांनी अंगणातच बादलीनं धुतली. शिंगांना रंग नाही, झूल नाही, घुंगरू नाही. वाजत गाजत गावाचे बैल मारुतीला गेले तेव्हा आपले दोघं दावणीला उभं राहून कान टवकारत होते. जनावराला काय सांगणार, तुझा सण बंद आहे म्हणून?

आणि काल सकाळी चहाच्या वेळी गाय व्यायली. कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा असलेली.

तुझे सासरे मटकन खाली बसले. म्हणाले, "एक दिस. एका दिसानं हुकलं गं." साठीचा माणूस लेकरासारखा रडायला लागला. त्याच्या लेकाच्या मातीलाही तो एवढा रडला नव्हता. तेवढ्यात शेजारचा बजरंग कालनिर्णय घेऊन पळत आला. "काका, उठा! आमुशा आज सकाळी साडेआकराला संपायलीय. पोळा म्हंजी आमुशेचा सण. गाय आमुशेतच व्यायली. म्हंजी पोळ्यालाच व्यायली का न्हाई?"

झालं, अंगणात पंचायत भरली. कुणी म्हणे पोळा काल झाला, आज कर आहे. कुणी म्हणे तिथी खरी, बाकी सगळं खोटं. शेवटी सरजाबाई आली. तिनं कालवडीला बघितलं, तुझ्या सासऱ्यांच्या तोंडाकडं बघितलं, करंड्यातलं कुंकू गाईला लावलं आणि म्हणाली, "उघडला बाई तुमचा पोळा."

मला विचारशील तर पोळा शुक्रवारीच झाला होता. वाजंत्री शुक्रवारी वाजली, पुरण शुक्रवारी शिजलं. पण मी गप्प बसले. वर्षभरात पहिल्यांदा तुझ्या सासऱ्यांनी मान वर केली होती, ती खाली करायला माझी जीभ वळली नाही. आणि खरं सांगू? मला तो पोळा उघडायलाच नको होता. बंद होता तोवर त्या दिवसावर महारुद्रचं नाव होतं. आता त्या दिवशी परत नुसता पोळा असेल.

तुझे सासरे लगेच म्हणाले, "आबासाहेबाला फोन लाव. म्हणावं घेऊन या पोरीला. निकितानं घातलेली आट बी फिटली. आता काय अडचण हाय?"

खरंच काही अडचण नव्हती. मी हो म्हणाले असते तर ती आज माझ्याजवळ असती.

मी घमेलं घेतलं आणि तळ्यावर गेले. दगडाबाई मागोमाग आली, तिला मी बोलावलं नव्हतं. पाणी शांत होतं, काठाला गुराच्या खुरांचे ठसे. आदल्या दिवशीच्या पोळ्याचे गोंडे, फुलं काठाला लागली होती. मी बसले आणि हातानं माती उकरली. दगडाबाई म्हणाली, "बाई, रडा की." मग मी रडले. खूप रडले. ती शेजारी बसून माती चाळत राहिली, खडे काढत राहिली.

तिथं बसून मला एवढंच कळलं. आपलं लेकरू घरात नसलं की घर कसं होतं, ते मी वर्षभर बघते आहे. ताट वाढताना हात कसा थांबतो, दाराची कडी वाजली की काळीज कुठं जातं. आणि तेच मी तुला द्यायला निघाले होते, पोळा उघडला म्हणून. माझं लेकरू तळ्यानं नेलं. तुझं मी नेऊ?

नाही. कार्तिकी तुझ्याजवळच राहील. तुझ्याबरोबर देवगाव फाट्याला जाईल. आबासाहेबांना मी तसा फोन केला. त्यांनी "बरं" म्हटलं.

तुझ्या सासऱ्यांनी काल दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. आज सकाळी गोठ्यातून आले आणि म्हणाले, "वासराचा फोटू तरी धाड तिला. तिला म्हणावं, नाव तू ठिव."

सोबत ओल्या फडक्यात तळ्याची माती पाठवते. त्यात कापूस पिंजून घातलाय, पाय तडकणार नाहीत. बैल तिलाच करू दे, तू शिंगंसुद्धा काढू नको. पोळा होऊन गेला तर गेला, लेकराचा बैल कधीही चालतो. आणि या खेपेला केलेली वस्तू इकडं पाठवू नको. जपून ठेव, आणि नव्या घरी गेलीस की तिथल्या देवापुढं ठेव. पुढच्या पोळ्याला त्या घरचीच माती घे.

अंगणवाडीत या आठवड्यात एक नवीन पोरगी आली आहे, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. तिला चिमटा नव्हता. निळा दिला. गाडी मी घरी आणली आहे, ती माझ्याजवळ राहील. गाडीवरचा माणूसही.

आणखी एक. परमेश्वररावांच्या आई आहेत तिकडं. त्या तिची वेणी घालतील, कडेवर घेतील, तेव्हा तिच्या तोंडात आजी ही हाक त्यांच्यासाठीच असायला हवी. आधीच लेकरानं थोडं सोसलं आहे का? दोन आज्यांत ओढाताण नको. फोनवर मी आले की तिला सांग, उंबऱ्याच्या आत बाई म्हणायचं. नवं घर असलं तरी उंबरा तो उंबराच. ती चुकणार नाही. तेव्हा एकदाही चुकली नव्हती.

सुखात राहा. लग्नाला मी येणार नाही, पण हळदीच्या दिवशी इथं पुरण करीन.

कार्तिकीची,
बाई